कॅम्प नंबर ३ ते मुरबाड : भुताळी कोण घडवतं?

ठाणे जिल्ह्याचा पूर्व भाग समजून घ्यायचा असेल, तर उल्हासनगरच्या कॅम्प नंबर ३ मधल्या मध्यवर्ती रुग्णालयाच्या फाटकाशी थोडा वेळ उभं राहावं. बदलापूर, मुरबाड, शहापूर या बाजूंच्या रुग्णवाहिका इथे येतात. तालुक्याच्या दवाखान्याने ‘पुढे न्या’ म्हणून सांगितलेला माणूस इथे उतरतो. भातकापणीच्या दिवसांत त्यांत साप चावलेलेही असतात. बरोबरचे नातेवाईक आवारात सावली बघून बसतात. मी याच भागात राहतो, त्यामुळे येता-जाता त्यांच्याशी बोलणं होतं. एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं : ‘आधी भगताकडं नेलं होतं.’ त्याच्या पुढचं वाक्य क्वचितच कुणी बोलतं, तेही आवाज खाली आणून : ‘भगतानं सांगितलं, कुणाचं काम आहे ते.’

ते ‘कुणाचं’ म्हणजे बहुतेक वेळा जवळपासचं कुणी असतं. एकटी राहणारी म्हातारी, नवरा गेलेली बाई, औषधपाण्याची थोडीफार जाण असलेला एखादा वृद्ध. त्या घटकेपासून ती बाई भुताळी ठरते, तो म्हातारा करणी करणारा ठरतो. हा शिक्का कसा तयार होतो ते पाहण्यासाठी मी रुग्णवाहिकांच्या उलट दिशेने निघालो : कॅम्प ३, अंबरनाथ, बदलापूर, बारवी धरण, मुरबाड आणि म्हसा. निघण्यापूर्वी बरेच दिवस इंग्लंडमधल्या चेटकिणींच्या खटल्यांबद्दल वाचत होतो. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत तिथे अशा आरोपांवर रीतसर खटले चालले आणि त्यांचे कागद टिकले. आपल्याकडे जे चावडीवर बोललं जातं आणि तिथेच विरून जातं, ते तिथे साक्षीदारांच्या तोंडून लिहून घेतलेलं आहे. त्यामुळे ते कागद वाचताना मुरबाडचे रस्ते अधिक स्पष्ट दिसतात.

कॅम्पातून बाहेर पडताना

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत जागा मिळाली. १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण पत्ता सांगताना माणसं आजही कॅम्पाचा आकडाच सांगतात. कॅम्प ३ मधल्या एका वृद्ध सिंधी शेजाऱ्यांना मी माझ्या प्रवासाचा विषय सांगितला. भुताखेतांवर ते काही बोलले नाहीत. लहानपणी सिंधमध्ये ऐकलेली एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली. लुटायला आलेले लोक परगावचे होते. कुठलं घर कुणाचं हे दाखवणारा गल्लीतलाच होता. ‘साईं, पहला हाथ पड़ोसी का उठता है,’ असं म्हणून ते गप्प झाले. पुढे सगळ्या वाटेवर हे वाक्य मला उपयोगी पडलं.

उल्हासनगर स्टेशनवरून कर्जत बाजूची लोकल पकडली. डब्यात दाराच्या वरच्या पत्र्यावर बाबा बंगालीच्या चिकटपट्ट्या होत्या : करणी, सवत, वशीकरण, चोवीस तासांत उपाय, खाली मोबाइल नंबर. या पट्ट्या मुंबईच्या नोकरदार माणसांसाठी लावलेल्या असतात. करणीवरचा विश्वास ही आदिवासी पाड्यांची खासियत आहे, असं समजणाऱ्यांनी लोकलचा हा पत्रा वाचावा. शहरातला माणूस फोन करून पैसे देतो आणि शेजाऱ्याबद्दलचा संशय मनात ठेवून राहतो. गावात तोच संशय सगळ्यांसमोर बोलला जातो, आणि बोलला गेला की त्यावर काहीतरी करणं गावाला भाग पडतं.

अंबरनाथ मागे पडलं. वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळातलं, १०६० च्या सुमाराचं शिवमंदिर आहे. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं असा त्याचा गाभारा. एवढी भव्य वास्तू आणि एवढी बारीक मूर्तिकला जिथे साडेनऊशेहून अधिक वर्षांपूर्वी झाली, त्या परिसरात आपण फिरतोय. अंधश्रद्धेचा संबंध बुद्धी कमी असण्याशी लावणं किती चूक आहे, हे अशा ठिकाणी मनाशी पक्कं होतं. इंग्लंडचंही तसंच आहे. शेक्सपिअरची नाटकं रंगभूमीवर येत होती त्याच वर्षांत तिथली न्यायालयं म्हाताऱ्या बायांना फाशी देत होती.

बारवीचं पाणी

बदलापूरला मित्र मोटारसायकल घेऊन थांबला होता. मुळगाव ओलांडून रस्ता बारवी धरणाकडे जातो. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात, मधूनच कापलेल्या पेंढ्या, मागे चंदेरीचा सुळका. बारवी हे औद्योगिक विकास महामंडळाचं धरण. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि वस्त्यांना इथलं पाणी मिळतं. धरणाची उंची वाढवली तेव्हा तोंडली, मोहघर अशा मुरबाड तालुक्यातल्या गावांची जमीन पाण्याखाली गेली. कॅम्प ३ मधल्या माझ्या नळाचं पाणी मुरबाडच्या माणसांनी सोडलेल्या जमिनीवरून येतं. म्हणून तिथे एखाद्या म्हातारीचं काय होतं हा प्रश्न मला परक्या मुलखाचा वाटत नाही.

धरणाच्या काठी बसून मी मित्राला इंग्लंडमधल्या पाण्याच्या परीक्षेबद्दल सांगितलं. संशयित बाईचा उजव्या हाताचा अंगठा डाव्या पायाच्या अंगठ्याला आणि डावा हात उजव्या पायाला, अशी आडवी बांधणी करून तिला दोरीने तळ्यात सोडत. ती बुडाली तर निर्दोष. तरंगली तर चेटकीण, कारण बाप्तिस्म्याचं पवित्र पाणी जिने नाकारलं तिला पाणीही स्वीकारत नाही, अशी त्यामागची समजूत. राजा पहिला जेम्स याने इंग्लंडच्या गादीवर येण्यापूर्वी, १५९७ मध्ये, चेटुकावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने या परीक्षेला मान्यता दिली. १६०४ मध्ये, त्याच्या कारकिर्दीत, चेटुकाविरुद्धचा कायदा अधिक कडक झाला.

आपल्याकडे अनेकांना वाटतं की इंग्लंडमध्ये चेटकिणींना जाळत. जाळण्याची शिक्षा स्कॉटलंडमध्ये आणि युरोपात इतर ठिकाणी होती. इंग्लंडमध्ये फाशी होती. इतिहासकारांच्या अंदाजाने इंग्लंडमध्ये सुमारे ५०० आणि सबंध युरोपात ४० ते ५० हजार माणसं या आरोपाखाली मारली गेली. इंग्लंडमधल्या बळींत बायकांचं प्रमाण फार मोठं होतं.

खटला कसा उभा राहतो हे पाहायचं तर लँकाशरमधल्या पेंडल टेकडीचं प्रकरण पाहावं. मार्च १६१२ मध्ये ॲलिझन डिव्हाइस नावाच्या गरीब मुलीने वाटेत भेटलेल्या जॉन लॉ या फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने दिल्या नाहीत. थोडं पुढे गेल्यावर तो कोसळला आणि त्याचं अर्धं अंग लुळं पडलं. आजचा डॉक्टर त्याला पक्षाघात म्हणेल. मुलीला मात्र स्वतःलाच वाटलं की आपल्या रागाने हे घडलं, आणि तिने तसं कबूल केलं. रॉजर नोवेल या दंडाधिकाऱ्याने चौकशी वाढवत नेली. एका घराने दुसऱ्या घराचं नाव घेतलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. ॲलिझनची नऊ वर्षांची बहीण जेनेट हिला न्यायालयात टेबलावर उभं करून तिच्याकडून आईविरुद्ध साक्ष वदवून घेतली. २० ऑगस्ट १६१२ रोजी लँकास्टरला दहा जणांना फाशी दिली. त्यांत जेनेटची आई, बहीण आणि भाऊ होते. पुढे १६३४ मध्ये एका मुलाच्या खोट्या साक्षीवरून लँकास्टरलाच चेटुकाचा दुसरा खटला उभा राहिला. त्यातल्या आरोपींच्या यादीत जेनेट डिव्हाइस हेच नाव पुन्हा सापडतं.

मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘टाचणी मागितली, एवढंच?’ होय, एवढंच. ॲलन मॅकफार्लेन आणि कीथ थॉमस या इतिहासकारांनी १९७० च्या आसपास एसेक्स आणि इतर परगण्यांचे कागद तपासले, तेव्हा त्यांना हाच साचा जागोजागी दिसला. गरीब शेजारीण दूध, ताक, पीठ किंवा सरपण मागते. घरवाला नाही म्हणतो. ती पुटपुटत निघून जाते. काही दिवसांनी वासरू मरतं किंवा मूल तापाने फणफणतं. नकार देणाऱ्याच्या मनात अपराधाची बोच असतेच, आणि ती बोच त्या म्हातारीवर उलटते. पूर्वी गावाने गरिबाला द्यायचं ही रीत होती. जमिनीला कुंपणं पडली, माणसं आपापल्या पैशाचा हिशेब पाहू लागली, तेव्हा मागायला येणारी म्हातारी नकोशी झाली.

भाताच्या वावरांतून

बारवीकडून मुरबाडकडे जाताना एका वावरात कापणी चालली होती. बांधावर एक वृद्ध शेतकरी विसावले होते. रामराम झाला, पाणी प्यायलो, बोलणं सुरू झालं. पीक, पाऊस, मुंबईला गेलेली मुलं असं बोलता बोलता भगताचा विषय निघाला. मी विचारलं, ‘बाबा, भगत नाव घेतो का हो?’ ते म्हणाले, ‘नाव कशाला घेईल? तो सुपात तांदूळ टाकतो, दाणे मोजतो. मग म्हणतो, उगवतीकडचं घर आहे. बांधाला बांध लागलेला आहे. तोंडावर गोड बोलणारी बाई आहे. नाव आपल्याच तोंडात येतं.’

या बोलण्यात सगळं यंत्र उघडं पडलं. इंग्लंडमध्येही गावोगाव असे जाणते लोक होते. चाळणी आणि कात्री लटकवून किंवा आरशात पाहून ते चोर आणि चेटकीण शोधून देत. ते बहुधा गिऱ्हाइकालाच विचारत, तुमचा संशय कुणावर आहे, आणि आरशात पाहणाऱ्याला हवा तोच चेहरा दिसे. भगत असो वा तिथला जाणता, तो संशय निर्माण करत नाही. आधीपासून घरात असलेल्या भांडणाला तो देवाची मान्यता देतो. सामाईक बांध, विधवेच्या नावावर असलेली जमीन, वाटणी न झालेलं घर, पाण्याची पाळी, अशी ती भांडणं असतात. म्हणून नाव निघाल्यावर त्या बाईच्या जमिनीवर कुणाचा डोळा आहे हे पोलिसांनी सर्वांत आधी तपासावं.

नाव निघण्याचं दुसरं कारण आजाराचं. बाबा बसले होते तशा वावरांत मण्यार असते. ती रात्री घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाच्या खुणा बारीक असतात, सूज नाही, रक्त नाही, चावल्याचं अनेकदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होऊन मिटतात, गिळता येत नाही, मग श्वास अडकतो. रात्री धडधाकट झोपलेलं पोर सकाळी असं गेलं, तर आईबापांनी काय समजायचं? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर चालणारं प्रतिविष सरकारी दवाखान्यांत दिलं जातं. ते वेळेत मिळालं तर भुताळीची गोष्ट सुरूच होत नाही. सातपुड्यातल्या सिकलसेलचंही तसंच. एकाच घरातली दोन-तीन मुलं पुन्हा पुन्हा आजारी पडतात, सांधे धरतात, पोट दुखतं. रक्ततपासणी झाली नसेल तर त्या घराला डाकीणच दिसते. कोकणात विंचूदंशाने मुलं मरत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून त्यांतले मृत्यू कसे टाळता येतात हे दाखवलं. जिथे कारण कळलं आणि उपाय मिळाला, तिथे माणसं भगताच्या सुपापासून आपोआप दूर झाली.

याच जिल्ह्यातल्या वारली समाजात भगत आणि भुताळी यांना किती मोठी जागा आहे, हे के. जे. सावे यांनी १९४५ मध्ये वारल्यांवरच्या आपल्या पुस्तकात नोंदवलं. हा विश्वास डोंगरापुरता कधीच नव्हता. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशांना लिहिलेली प्रस्तावना वाचली, तर चेटूक करणाऱ्यांना शोधून शिक्षा करणं हे त्या काळी सरकारी काम मानलं जाई, असं दिसतं. पुण्याचं दरबारी जग आणि लंडनचं राजघराणं या बाबतीत एकाच ठिकाणी उभं होतं. अठराव्या शतकाचा बराच काळ गेला, इंग्लंड त्या ठिकाणाहून हललं होतं, आणि आपण अजून हलायचे होतो.

मुरबाड

मुरबाड हे तालुक्याचं गाव. एसटी स्टँड, बाजार, पोलीस ठाणं, न्यायालय आणि ग्रामीण रुग्णालय, सगळं हाकेच्या अंतरावर. कल्याणहून गोवेलीमार्गे आलेला रस्ता इथून टोकावड्याकडे आणि माळशेज घाटाकडे जातो. मार्च २०२४ मध्ये याच तालुक्यातल्या एका गावात गोंधळाचा कार्यक्रम चालू होता. जमावाने ७५ वर्षांच्या एका गृहस्थांना घरातून ओढत तिथे आणलं, करणी करतोस म्हणून मारलं आणि पेटत्या निखाऱ्यांवर नाचायला लावलं. त्यांचे पाय भाजले. त्याची चित्रफीत फोनाफोनी पसरली आणि मुरबाड पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. ते गाव माझ्या वाटेपासून दूर नव्हतं. मी तिकडे गेलो नाही, गावाचं नावही इथे लिहीत नाही. त्या कुटुंबाला पुन्हा पुन्हा तोच दिवस सांगायला लावण्याचा अधिकार मला नाही.

मुरबाडच्या बाजारातून चालताना मला जॉन लोज आठवत होते. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत, १६४५ ते १६४७ या काळात, मॅथ्यू हॉपकिन्स नावाचा माणूस पूर्वेकडच्या परगण्यांत चेटकिणी शोधत फिरत होता. गावं त्याला पैसे देऊन बोलावत. एकट्या स्टोमार्केटने त्यासाठी २३ पौंड खर्च केले. छळ करायला कायद्याची मनाई होती, म्हणून तो आरोपीला रात्रंदिवस झोपू देत नसे आणि खोलीत फेऱ्या मारायला लावत असे. ब्रँडस्टनचे धर्मोपदेशक जॉन लोज तेव्हा ऐंशीच्या घरात होते. गावकऱ्यांशी त्यांची जुनी भांडणं होती. त्यांना अनेक रात्री जागं ठेवलं, दम सुटेपर्यंत पळवलं, खंदकाच्या पाण्यात टाकलं. शेवटी त्यांनी हवं ते कबूल केलं आणि त्यांना फाशी झाली. मुरबाड तालुक्यातले वृद्ध आणि ब्रँडस्टनचे वृद्ध यांच्यात पावणेचारशे वर्षं आणि अर्धी पृथ्वी आहे. तरी म्हाताऱ्या माणसाला थकवून, नाचवून त्याच्या तोंडून गावाला हवं ते काढण्याची रीत एकच.

ही रीत महाराष्ट्राच्या एकाच कोपऱ्यात नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात वणी खुर्द इथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना बांधून मारलं. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा इथे एक बाई आणि एक पुरुष यांना जाळून ठार केलं. डिसेंबर २०२४ मध्ये मेळघाटातल्या रेट्याखेडा गावात ७७ वर्षांच्या आजींना मारून त्यांची धिंड काढली. नंदुरबारच्या सातपुड्यात डाकीण ठरवलेल्या बायकांसाठी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं गावोगाव फिरत आले आहेत.

या घटना गुन्हा म्हणून नोंदवता येतात, यामागे मोठा लढा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दीर्घकाळ झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात डॉक्टरांचा गोळ्या घालून खून झाला. लँकास्टरच्या फाशीला त्या दिवशी ४०१ वर्षं पूर्ण होत होती. खुनानंतर काही दिवसांतच राज्याने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला.

या कायद्याची अनुसूची प्रत्येक ग्रामपंचायतीत मोठ्याने वाचली पाहिजे. मारहाण, धिंड, दैनंदिन व्यवहारांवर बंदी हे गुन्हे त्यात आहेतच. त्याच्या आधीचं एक कलम माझ्या मते अधिक मोलाचं आहे. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्राने जनावरांचं दूध आटवतो, त्याच्यामुळे रोग पसरतो, असं जाहीर करून त्याचं जगणं अवघड करणं, हाही गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं, हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे पोलिसांना कारवाईसाठी निखारे पेटण्याची वाट पाहायची गरज नाही.

म्हशाच्या रस्त्यावर

मुरबाडहून म्हशाकडे निघालो. पौष पौर्णिमेला म्हशाची मोठी जत्रा भरते. बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. त्या दिवशी मात्र रस्ता मोकळा होता. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्या पुढ्यात गोरख-मच्छिंद्रचे सुळके आणि सिद्धगड. १९४३ च्या २ जानेवारीला वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी सिद्धगडाच्या परिसरात इंग्रजांशी लढताना प्राण दिले. या मातीतल्या साध्या माणसांनी मोठ्या सत्तेला तोंड दिलेलं आहे. आपल्याच आळीतल्या चुकीच्या समजुतीला तोंड देणं त्यांना अशक्य नाही.

इंग्लंडमध्ये हे कसं थांबलं, याचा विचार मी त्या रस्त्याने करत होतो. लोकांचा विश्वास उडाला म्हणून थांबलं, हे उत्तर खरं नाही. रेजिनाल्ड स्कॉट याने १५८४ मध्येच चेटुकाच्या आरोपांतला फोलपणा पुस्तक लिहून दाखवला होता, आणि त्यानंतर शंभर वर्षं फाशी चालूच राहिली. बदल न्यायालयांनी केला. पुरावा मागण्यात न्यायाधीश कडक झाले. १६८२ मध्ये डेव्हनमधल्या बिडफर्डच्या तीन बायकांना फाशी झाली, त्यानंतर हा सिलसिला जवळजवळ संपला. सरन्यायाधीश जॉन होल्ट यांच्यासमोर आलेल्या चेटुकाच्या खटल्यांत आरोपी सुटत गेले. त्यांतला सारा मॉर्डकचा खटला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रिचर्ड हॅथवे नावाच्या माणसाने तिने आपल्यावर चेटूक केल्याचं ढोंग केलं. ती निर्दोष सुटली, आणि १७०२ मध्ये होल्ट यांच्यासमोर हॅथवेवरच खटला चालून त्याला शिक्षा झाली. शिक्षा आरोप करणाऱ्याला मिळाली.

१७३६ मध्ये चेटूक हा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यातून निघाला, तरी गावातला विश्वास मागे राहिलाच. १७५१ मध्ये ट्रिंगजवळ रूथ ऑस्बोर्न या वृद्ध गरीब बाईला आणि तिच्या नवऱ्याला जमावाने तळ्यात बुडवलं. तिने म्हणे एका गवळ्याकडे ताक मागितलं होतं, त्याने दिलं नव्हतं, मग त्याची वासरं आजारी पडली. रूथ मेली. या वेळी राज्यसत्ता जमावाच्या बाजूने उभी राहिली नाही. पुढाकार घेणाऱ्या टॉमस कॉली याला खुनाबद्दल फाशी झाली. विश्वास मनात असतो, तो सावकाश जातो. त्याला मोठ्या माणसांची मान्यता मिळते की नाही, यावर माणसाचा जीव जातो की वाचतो हे ठरतं.

म्हशात चहाच्या टपरीवर भेटलेले निवृत्त शिक्षक हेच आपल्या भाषेत म्हणाले. ‘गावात नाव निघतं तेव्हा सगळे माझ्याकडं बघतात. पोलीस पाटलाकडं बघतात, सरपंचाकडं बघतात. आम्ही त्या रात्री घरी जाऊन झोपलो, तर समजायचं की आम्ही हो म्हणालो.’ त्यांच्या शब्दांत मला होल्ट यांचं न्यायालय ऐकू आलं. इंग्लंडला जे काम न्यायाधीशांनी करून दिलं, ते इथे सरपंच, पोलीस पाटील, आशाताई, शिक्षक आणि ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर यांनी करायचं आहे, आणि कायद्याने त्यांच्या हाती त्यासाठीचं साधन दिलेलं आहे.

बायकोला ताप आला, रेडकू दगावलं, पोर झोपेतच गेलं, की नातेवाईक रडत असतानाच कुणीतरी एका घराकडे बोट दाखवतं. त्या बोटाला पहिल्याच क्षणी अडवणं हे सबंध प्रवासातून मला सर्वांत तातडीचं काम वाटलं. पेंडलला ते कुणी अडवलं नाही म्हणून दहा माणसं गेली. ट्रिंगला राज्यसत्ता उशिरा पोचली म्हणून रूथ गेली. मुरबाडला गुन्हा नोंदला गेला, पण एका म्हाताऱ्या माणसाचे पाय भाजल्यावर. म्हणून आपल्या गावात, आळीत, बिल्डिंगमध्ये कुणाचं नाव निघालं, की त्या रात्रीच ११२ ला फोन करावा, पोलीस पाटलाला उठवावं, आजारी माणसाला मुरबाडच्या किंवा कॅम्प ३ च्या रुग्णालयात न्यावं, आणि ज्याचं नाव निघालं त्याच्या दारात चार माणसांनी जाऊन बसावं. नाव निघणं आणि जमाव जमणं यांच्यामध्ये एखादी रात्र असते. जीव त्याच रात्रीत वाचवता येतो.